पालथी बादली

भुताने मला किती वेळा मारलं याची मोजदाद मी ठेवलेली नाही. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी ठेवली आहे, आणि जिन्यात भेटले की ते ती मला ऐकवतात. ऐकवोत बापडे. मेल्याचं मला काही वाटत नाही. ज्या एका दारासाठी मला बोलावलं होतं, तेवढंच माझ्या हातून उघडलं नाही, याचं मात्र फार वाटतं.

आमची लेक दुसऱ्या शहरात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. "मुलगी काय करते?" असं कुणी विचारलं की मी "कंप्युटरमध्ये असते" एवढंच सांगतो. "लोकांना घाबरवते" असं खरं सांगितलं, तर पुढे बरंच समजावून द्यावं लागतं. तर ती आणि तिची मंडळी एक गेम करत होती. एक पछाडलेलं घर असतं आणि आपण त्यात अडकलेलो असतो. कोडी सोडवत एकेका खोलीचं कुलूप उघडायचं आणि बाहेर पडायचं. हे चाललेलं असताना केस मोकळे सोडलेली एक बाई आपल्याला शोधत घरभर हिंडत असते. तिला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. म्हणजे आपण आपल्या खऱ्या घरात, खऱ्या सोफ्यावर बसून ओरडलो, तरी तो आवाज माइकमधून तिच्यापर्यंत जातो आणि ती येऊन आपला गळा धरते. असल्या कामाला या पोरांना पगार देतात, आणि तो माझ्यापेक्षा बरा असतो.

एके दिवशी तिचा फोन आला. "बाबा, माझं एक काम करशील?"

मला वाटलं, कसला तरी दाखला हवा असेल. मी दाखल्यांच्याच कचेरीत काम करतो, त्यामुळे माझ्याकडे येणारी कामं बहुधा त्याच जातीची असतात.

"गेममधली शेवटची खोली मी एकटीने केलीय," ती म्हणाली. "आमचे सर म्हणतात, तिचं कोडं कुणालाच सुटायचं नाही, काढून टाका. आणि ऑफिसात खरंच कुणाला सुटलं नाहीये. मी म्हटलं, एक माणूस आहे. त्याला सुटेल."

"कोण?"

"तू."

आता सांगा, यावर कुठला बाप जमिनीवर राहील? मी लगेच होकार भरला. सोमवारी त्यांची मीटिंग होती. त्याच्या आत मी ते दार उघडलं तर खोली राहणार, नाहीतर जाणार. "फक्त एकट्याने खेळ," ती म्हणाली. "कुणाला विचारू नकोस. आणि बाबा, डोकं फार चालवू नकोस."

हे शेवटचं वाक्य मला जरा लागलं. आयुष्यभर लोकांच्या अर्जातल्या चुका काढण्यात ज्याने डोकं झिजवलं, त्याला पोटची पोर सांगते, डोकं चालवू नकोस! पण म्हटलं, असेल काहीतरी. लेकीची खोली वाचवायची आहे, मानापमान नंतर बघू.

हिला सांगितलं. ही म्हणजे आमची बायको. ती म्हणाली, "भुताचा खेळ? आणि या घरात? मी स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, सांगून ठेवते." आणि खरंच आली नाही. पुढचे सगळे दिवस माझं जेवणसुद्धा दाराच्या फटीतून बाहेर सरकवण्यात आलं.

गेम सुरू करणं हे गेम खेळण्यापेक्षा अवघड आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आधी नाव विचारलं. मी दिलं. "हे नाव आधीच घेतलेलं आहे," असं उत्तर आलं. अहो, माझं नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं, ते घेणारा हा कोण? मग जन्मतारीख. तिचं एक चाक होतं, बोटाने फिरवायचं. ते मी फिरवलं तर इतकं फिरलं की चालू वर्षावर येऊन थांबलं, आणि मी काही करायच्या आत मान्यही झालं. "तुमचं वय या खेळासाठी कमी आहे. पालकांना बोलवा." डोक्यावरचे उरलेसुरले केस पिकलेले, आणि पालकांना बोलवा! मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडून बराच वेळ बासरी वाजली. मग एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "सर, वय वाढवायचं असेल तर पुरावा लागेल, आणि तो तपासणारा विभाग आज बंद आहे. उद्या प्रयत्न करा." हे वाक्य मी काउंटरवर बसून जन्मभर लोकांना ऐकवत आलोय. ते ऐकताना इतकं झोंबतं याची मला कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी एकदाचं माझं वय झालं. मग पडद्यावर बारीक अक्षरांत पानंच्या पानं आली, खाली "मान्य आहे" असं बटण. मी ते दाबलं. लोकांना रोज "वाचून सही करा, मागाहून तक्रार चालणार नाही" म्हणून दरडावणारा मी, एक ओळ न वाचता दाबलं. हे लक्षात असू द्या.

कचेरीतून रजा काढली. साहेबांनी कारण विचारलं. "घरगुती अडचण," मी म्हणालो. ते म्हणाले, "कुणी आजारी?" मी म्हणालो, "नाही, एक बाई त्रास देते." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि रजा मंजूर केली. तेव्हापासून कचेरीतल्या बायका माझ्याशी जपून बोलतात.

भर दुपारी पडदे ओढून, दाराला आतून कडी लावून मी बसलो. हातात रिमोट. लेक त्याला कंट्रोलर म्हणते, पण मला त्याने कधी काही कंट्रोल करता आलं नाही, म्हणून मी रिमोटच म्हणतो. पहिल्या खोलीत एक कपाट होतं. ते मी उघडलं. आत काय होतं ते सांगत नाही, पण मी जो ओरडलो, तसा आवाज माझ्या गळ्यात आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. त्या आवाजाने ती केस सोडलेली बाई आली. तिला पाहून मी आणखी ओरडलो. त्या आवाजाने समोरच्या काकू आल्या.

समोरच्या काकू म्हणजे दार वाजवणाऱ्यांतल्या नव्हेत, दार हलवणाऱ्यांतल्या. "अहो उघडा! काय मारामारी चाललीय घरात?" मी उघडलं. काकूंच्या मागे वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर होते, निवृत्त झाले तरी हातात पट्टी असल्यासारखेच चालणारे. त्यांच्या मागे सेक्रेटरी. पडदे ओढलेले, मी घामाघूम, टीव्हीवर एका बाईने माझा गळा धरलेला. काकूंनी शांतपणे विचारलं, "या कोण?"

इथे मी सांगायला हवं होतं की हे खाजगी काम आहे, तुम्ही या आता. तेवढं एक वाक्य. पण मी चारचौघांत ओरडताना सापडलो होतो, त्यामुळे आधी माझी अब्रू सावरणं मला जास्त निकडीचं वाटलं. म्हणून सगळं सांगितलं. लेक, कंपनी, शेवटची खोली, सोमवारची मीटिंग. फक्त "कुणाला विचारू नकोस" एवढं सांगायचं गाळलं.

सेक्रेटरी म्हणाले, "असं एकदम ओरडता येणार नाही तुम्हाला. त्याला परवानगी लागते." संध्याकाळी खाली फळ्यावर सूचना लागली: "सदनिकेत किंकाळ्या मारण्याबाबत." किंकाळ्यांना मनाई नव्हती, पण दुपारच्या विश्रांतीच्या वेळात त्या मारू नयेत, आणि इतर वेळी समितीचा एक प्रतिनिधी हजर असावा, असं त्यात होतं. प्रतिनिधी म्हणून सेक्रेटरींनी स्वतःलाच नेमलं. येताना ते घरची उशीही घेऊन आले.

दुसऱ्या खोलीपर्यंत मी खरोखर एकट्याने प्रयत्न केला. सेक्रेटरींना उशीसकट बाहेर बसवून केला. पण तिथे भिंतीवर एक घड्याळ होतं आणि ते अमुक वेळेला लावल्याशिवाय कुलूप उघडत नव्हतं. मी काटा फिरवायचो, ठण्ण वाजायचं, बाई यायची. शेवटी मीच दार उघडून म्हणालो, "काकू, जरा येता का?" काकूंनी खोलीभर नजर टाकली आणि म्हणाल्या, "घरातल्या सगळ्या माणसांच्या फोटोंना धूळ आहे, एकाच्याच नाही. त्या फोटोतलं घड्याळ बघा ना किती वाजलेत." दार उघडलं. झालं! त्या दिवसापासून माझ्या घरात माझं काम रिमोट धरण्यापुरतं राहिलं.

तीन दिवस आमच्या दिवाणखान्यात शाळा भरली. त्या बाईला सगळे "वहिनी" म्हणू लागले. "आल्या हो वहिनी, गप्प बसा!" असं काकू इतक्या मोठ्याने ओरडायच्या की वहिनी त्याच आवाजाने यायच्या. हेडमास्तर प्रत्येक कोड्याला "हा सातवीच्या पुस्तकातला प्रश्न आहे" म्हणायचे आणि उत्तर चुकलं की "पुस्तक बदललं वाटतं" म्हणायचे. सेक्रेटरी माझ्या मरणांची नोंद घ्यायचे. कधी रडतखडत, कधी चुकून, पण आम्ही खोल्या उघडत गेलो. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती. एवढी माणसं माझ्या घरात माझ्यासाठी जमलीत असं माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. आणि लेकीला काय, दार उघडल्याशी मतलब, असं मी माझ्या मनाची समजूत घालत होतो.

रविवारी आम्ही शेवटच्या खोलीत पोचलो.

खोली कसली, साधा बोळ होता. टोकाला न्हाणीघराचं बंद दार. आत एक लहान मूल मुसमुसत होतं. दारासमोर एक पालथी बादली, निळी, कड जराशी उडालेली. आमच्याकडेही एके काळी अशीच होती. मी म्हटलं, बादल्या काय, सगळ्या घरांत सारख्याच.

बाकी काही नाही. ना किल्ली, ना घड्याळ, ना आकडे.

"बादली भरायची असणार," काकू म्हणाल्या. "पालथी ठेवलीय म्हणजे सुलटी करा असंच सांगतायत." पण ती सुलटी होईना. हेडमास्तर म्हणाले, "बादलीचं घनफळ काढा. उत्तर येईल तेच कुलपाचे अंक." पण कुलपाला अंक नव्हतेच. सेक्रेटरी म्हणाले, "दार फोडा. लहान मूल अडकलंय, त्याला परवानगी नंतर घेता येते." आम्ही दारावर धडका दिल्या. आतलं मूल आणखी जोरात रडायला लागलं आणि वहिनी आल्या.

बादलीजवळ गेलं की पडद्यावर एक बारीक शब्द उमटायचा: "बसा." सेक्रेटरी म्हणाले, "खबरदार! सापळा आहे. बसलात की पाठीमागून येतील." तरी एकदा मी बसलो. मुद्दाम म्हणून नाही, कंटाळलो होतो म्हणून. खेळातला मी बादलीवर बसला आणि काय सांगू, आतलं रडणं जरा हळू झालं. पण तेवढ्यात काकू "उठा, उठा!" म्हणून, हेडमास्तर "घनफळ!" म्हणून आणि सेक्रेटरी "मी म्हटलं नव्हतं?" म्हणून एकाच दमात ओरडले. वहिनी आल्या. "बघा," सेक्रेटरी म्हणाले, "अनुभव बोलतो." नंतर मी पुन्हा बसलो नाही.

संध्याकाळी सगळे थकून घरी गेले, आणि लेकीचा फोन आला.

"बाबा, उघडलं?"

त्या दोन शब्दांत इतकी आशा होती की मला "नाही" म्हणवेना. "उघडलं की!" मी म्हणालो. "सोपं होतं."

"खरं?" ती पोर आनंदाने जवळजवळ ओरडली. "काय केलंस?"

मी म्हणालो, "बादलीखाली किल्ली होती."

तिचा आवाज एकदम उतरला.

"बाबा," ती म्हणाली, "ही चाचणीची प्रत आहे. तू खेळत असताना तुझ्याकडचा सगळा आवाज आम्हाला इथे तेव्हाच्या तेव्हा ऐकू येतो आणि साठवलाही जातो. तू सुरुवातीला मान्य केलंयस ते. मी शेवटचं रेकॉर्डिंग अजून ऐकलं नव्हतं, म्हणून वाटलं..."

ती पानंच्या पानं बारीक अक्षरं माझ्या डोळ्यांपुढून गेली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"सगळं ऐकू येतं?"

"पहिल्या किंकाळीपासून. काकू तर ऑफिसात सगळ्यांना फार आवडल्यात. 'आल्या हो वहिनी' आता आमच्याकडे सर आले की म्हणतात." ती हसली, पण ते हसू माझी लाज राखण्यासाठी होतं, हे मला कळत होतं.

"आणि खोली?"

"काढतोय. सर म्हणाले, मीटिंगपर्यंत थांबायची गरज नाही. तुझ्या वडिलांनासुद्धा अख्खी इमारत बोलवावी लागली, म्हणाले."

"पण करायचं काय होतं ते सांग तरी!"

"राहू दे ना बाबा. जेवलास का?"

जेवलो म्हणालो. हेही खोटंच.

फोन ठेवला तर ही इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या बाहेर उभी. "बादली पालथी होती म्हणता?" तिने विचारलं. "निळी? कड उडालेली?"

"हो. का?"

"न्हाणीघराचं दार, आत मूल रडतंय, बाहेर बादली पालथी. आणि तुम्ही घनफळ काढत होता!" ती खुर्चीत बसली. "अहो, चौथीत होती आपली लेक. न्हाणीघराची कडी अडकली आणि ही आत. आठवत नाही? सगळी इमारत गोळा झाली होती दारात. कुणी म्हणे फोडा, कुणी म्हणे सुताराला बोलवा. जो तो ओरडत होता आणि पोर आत आणखी घाबरत होती. तेव्हा तुम्ही सगळ्यांना घालवलंत. मलासुद्धा. बादली पालथी घातलीत, तिच्यावर बसलात आणि हळूहळू सतराचा पाढा म्हणायला लागलात."

"सतराचा?"

"आणि तो तुम्हाला येत कुठे होता! सतरा पंचे नव्वद म्हणालात. आतून रडत रडत आवाज आला, पंच्याऐंशी! पुढचाही चुकलात. तिने तोही सांगितला. पाढा सुधारता सुधारता रडायची विसरली, आणि मग तुम्ही सांगितलंत तशी कडी वर उचलून ओढली तिने. लोकांना वाटलं तुम्ही मुद्दाम चुकलात. मी काही बोलले नाही."

मला आठवलं. बुडाला रुतलेली बादलीची ती उडालेली कड आठवली, दाराखालच्या फटीतून दिसणारी तिची ओली बोटं आठवली. त्या दिवशी मी हुशार नव्हतो, नुसता तिथे होतो. म्हणजे त्या खोलीत एवढंच करायचं होतं. रिमोट खाली ठेवायचा, बादलीवर बसायचं आणि हळू आवाजात बोलत राहायचं. ते मला येतं, असं माझ्या लेकीने भर ऑफिसात छातीठोकपणे सांगितलं होतं.

"मग मला आधी का नाही सांगितलंस?" मी हिच्यावर खेकसलो.

"मला विचारलं कुणी?" ही म्हणाली. "अख्ख्या इमारतीला विचारलंत."



सोमवारी कचेरीतून आलो तर दारात तिघंही उभी, सेक्रेटरी उशीसकट. मी हात जोडले. "आज नाही," म्हणालो. काकूंना राग आला. हेडमास्तरांनी घनफळाचा कागद पुढे केला, तो घेतला आणि दार लावलं. एवढंच तर करायचं होतं. किती सोपं होतं ते, आणि किती उशिरा केलं.

गेम लावला. कंपनीकडून नवी प्रत येऊन तो आपला आपण नवा होऊन बसला होता. खोल्या सगळ्या पाठ होत्या, झरझर उघडत गेलो. बोळात पोचलो. टोकाला दार नव्हतं. नुसती भिंत, ताज्या रंगाची. रडणंही नव्हतं. बादली मात्र होती. कुणीतरी काढायची विसरलं होतं, किंवा कुणाला काढवली नव्हती.

मी बसलो. रिमोट खाली ठेवला. भिंतीकडे बघत हळू आवाजात म्हणालो, "सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न." आता दारच नव्हतं, तेव्हा माझं बोलणं वहिनींना चाहूल देण्याच्याच कामाचं होतं. मागे त्यांची पावलं वाजली. "सतरा चोक अडुसष्ट. सतरा पंचे नव्वद."

शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही चुकलो. वहिनींनी गळा धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडलो नाही.

सोफ्यावर फोन वाजला. लेकीचा मेसेज. एकच शब्द होता.

"पंच्याऐंशी."

चष्मा पुसून तो मी पुन्हा वाचला. टीव्हीवर मी जिवंत होऊन परत त्याच बोळात उभा होतो, समोर तीच भिंत. खोली गेली होती, ती काही आता येणार नव्हती. मी बादलीवर बसलो.

"सतरा सक शंभर," मी म्हणालो, आणि फोनकडे बघत राहिलो.